गद्दाराला नाव पाहिजे

मंठाळकर सर गेले ते हृदयविकारानं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलंय, आणि सरांचं दुखणं काही आजकालचं नव्हतं. तरी तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं मांजरा नदीवरनं परतली, दारात लिंबाचा पाला चावून चुळा भरल्या, आणि सरांचे मेहुणे बाबूराव ओसरीवर टेकता टेकता म्हणाले, "पुस्तकानं खाल्लं दाजीला. जित्या माणसानं सोताला मारून छापून आणल्यावर दुसरं काय व्हणार?" बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मग तिथल्या तिथं ठरलं, म्हणजे बाबूरावांनी ठरवलं, की तेरवीच्या दिवशी टेम्पो आणायचा, घरातले पुस्तकाचे सगळे गठ्ठे त्यात घालायचे आणि मांजरेत सोडून यायचे.

मी आत सरांच्या बायकोजवळ, रुक्मिणवैनींजवळ, बसले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिथं जमलेल्यांपैकी एकानंही ते पुस्तक वाचलेलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. आणि हे लोक त्याला बुडवायला निघालेले. मी मराठीची मास्तरीण, सरांच्या शेजारच्या वर्गात सगळी नोकरी काढली, आणि ती कादंबरी कच्च्या खरड्यापासून वाचलेली अख्ख्या जनवाड्यात मी एकटी. तिच्यात चांगलं काय, वाईट काय, हे मला विचारा ना. पण विचारणार कोण? म्हणून न विचारता सांगते.

दिगंबर मंठाळकर मूळचे मंठाळचे, नोकरीनं जनवाड्याचे. आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. बुटके, पोट थोडं सुटलेलं, शर्टाच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्यात छोटा रेडिओ. माणूस लहरींच्या नादी लागलेला. हौशी लोकांना घरून बिनतारी संदेश पाठवायचं सरकारी लायसन मिळतं, ते त्यांनी काढलं होतं. परदेशातली स्टेशनं पकडायला घराच्या माळवदावर लांबलचक तार बांधली होती. शेजारच्या बायकांना तारेचा एकच उपयोग माहीत, त्या तिच्यावर लुगडी वाळत घालायच्या. सर कधी रागावले नाहीत. "आज सिंगापूर ओलं हाय," म्हणून खाली उतरायचे.

बीदरला हवाई दलाचा तळ, त्यामुळं आमच्या भागात शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर डोक्यावरनं जातात. कुणी मान वर करत नाही. सर शिकवता शिकवता थांबायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "पोरगं नवं हाय. वळताना घाबरायलंय." एकदा हेडमास्तर नेमके दारात उभे. ते म्हणाले, मंठाळकर, डोळे मिटून पगार घेता काय? सरांनी डोळे न उघडता त्यांना हातानं गप्प राहायची खूण केली. मुलं जाम खूश. त्यावरनं सरांना मेमो मिळाला, आणि मेमो वाचून झाल्यावर सर जे म्हणाले ते त्यांचं नेहमीचं वाक्य होतं. चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकानं पुसायचा आणि म्हणायचं, "कबूल. फुडं?"

टीका ऐकायची अशी रीत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. आमच्याकडं कुणाच्या पोराचं अक्षर वाईट म्हटलं तरी आई-बाप दोन महिने बोलत नाहीत.

तर ह्या माणसानं रिटायर व्हायच्या सुमारास हेरकथा लिहायला घेतली. 'शत्रूची लहर' तिचं नाव. उत्तरपत्रिकांच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर लिहून मला आणून द्यायचे. मी लाल पेन घेऊन बसायचे. आता ऐका.

पहिले वीस-पंचवीस कागद मी कपाळावर हात मारत वाचले. कुठल्याशा परदेशी शहरात पाठलाग चाललाय, आणि सर कधी हैदराबादच्या पलीकडं गेलेले नाहीत. नकाशा पुढं ठेवून लिहिलेलं. हेर डावीकडं वळतो, मग पूल लागतो, मग उजवीकडं वळतो, मग चौक लागतो. पाठलाग आहे का बसचा मार्ग, कळेना. नताशा नावाची एक बाई, तिला रेशमी केस आणि काळा गॉगल ह्यापलीकडं काही काम नाही. गोळीबार ऐन रंगात आलेला, आणि मध्येच सर दीड पान अँटेना कशी बसवावी ते शिकवतात. आणि सगळ्यात संताप कशाचा आला तर ह्या कादंबरीतले एकूण एक हेर सदाशिव पेठेत जन्मल्यासारखे बोलायचे. जनवाड्याचा माणूस, "कामून रे, काय करायलास" असं बोलत ज्याचा जन्म गेला, त्याच्या कादंबरीत शिपाईसुद्धा "आपण कृपया आत यावं" म्हणतो. मी म्हटलं, सर, लाज वाटते का आपल्या बोलीची? त्यांनी चष्मा पुसला. कबूल, फुडं?

पुढं मात्र एक प्रकरण आलं आणि माझं लाल पेन थांबलं.

एक तरुण ऑपरेटर पत्र्याच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलाय. त्याचं काम फक्त ऐकणं. दिवसच्या दिवस नुसती खरखर. आणि एक दिवस त्या खरखरीत कुणीतरी आपल्याच गावातनं शत्रूला संदेश पाठवताना सापडतो. टकटक, टकटक. सांकेतिक भाषा आहे, अर्थ लागत नाही. पण सरांनी लिहिलंय, बिनतारी यंत्राची किल्ली दाबणाऱ्याचा हात लपत नाही. प्रत्येकाची टकटक वेगळी, बोलण्याची ढब वेगळी असते तशी. आणि ह्या पोराला तो हात ओळखीचा वाटतो. कुठला हात, कुठला हात, करत तो चार पानं बसून राहतो. काही घडत नाही, बंदूक नाही, नताशा नाही, आणि वाचताना माझ्या तोंडचं पाणी पळालं. मग त्याला कळतं. ज्या मास्तरनं आपल्याला किल्ली धरायला शिकवली, त्याचाच हात तो.

आणि तो मास्तर गद्दार का झाला? पैशासाठी नाही, बाईसाठी नाही. यंत्रात बिघाड आहे, यंत्रात बिघाड आहे, असं तो वर्षानुवर्षं वरच्यांना सांगत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. शत्रूचा माणूस त्याला म्हणाला, बोला, मी ऐकतोय. बस, एवढंच. हे जे सरांनी लिहिलं ना, ते भल्याभल्यांना जमलं नसतं. मी पोरांना तीस वर्षं धडे शिकवलेत, मला चांगलं कशाला म्हणतात ते कळतं.

आता भाऊबंदांनी ह्या पुस्तकाची माती कशी केली ते सांगते.

आमच्याकडची लग्नपत्रिका बघितलीय का? आत चार कागद नुसती नावं. आपले विनीत, व्यवस्थापक, मामा, मावसे, किलबिल म्हणून पाळण्यातली पोरंसुद्धा. एक नाव राहिलं की तो माणूस लग्नाला येत नाही, आणि त्याचा नातू तुमच्या नातवाशी बोलत नाही. सर पुस्तक छापणार ही बातमी फुटली आणि झालं. पत्रिकेत नाव असतं तसं पुस्तकात नाव असायला पाहिजे, असं सगळ्यांनी धरूनच चाललं. चुलते आले, साडू आले, निर्ण्याहून बाबूराव आले. बाबूरावांना हेरखात्याचा मुख्य व्हायचं होतं. झाले. कादंबरीत ते दोनदा येतात आणि दोन्ही वेळा "शाब्बास" म्हणून जातात. सरांना नाही म्हणता येत नसे, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष होता, आणि मी तो माफ केलेला नाही. बघता बघता हेरखात्यात निम्मं मंठाळ भरती झालं. वाचणाऱ्याला दहाव्या पानावर कोण कोण ते कळेना, कारण सगळ्यांचं आडनाव एकच.

सगळ्यांना जागा मिळाली, पण गद्दाराला नाव पाहिजे होतं. ते द्यायला कुणी तयार होईना. एका चुलतभावाला विचारलं तर तो म्हणाला, पोरीचं जमायलंय, आता गद्दार नगं. दुसऱ्याला सोसायटीच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. कुणाचंही नाव नसलेलं एखादं नाव घाला म्हटलं, तर आमच्या भागात असं नावच सापडेना, जे कुणाच्या तरी सासऱ्याचं नाही. शेवटी सरांनी मास्तर उडवला आणि त्याच्या जागी रॉबर्ट नावाचा गोरा बसवला.

मी तणतणत त्यांच्या घरी गेले. रॉबर्टनं त्या पोराला किल्ली धरायला कधी शिकवली? मग त्याचा हात ओळखीचा कसा लागेल? अहो, तुम्ही कादंबरीचं काळीज काढून फेकलं. सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. म्हणाले, "बाई, मला ह्याच मानसांत ऱ्हायचं हाय."

मंगल कार्यालयात प्रकाशन झालं. मुखपृष्ठ वाढदिवसाचे फ्लेक्स छापणाऱ्या दुकानदारानं केलेलं. त्यावर पिस्तूल, उपग्रह, गॉगलवाली बाई, बीदरचा किल्ला आणि कोपऱ्यात हात जोडलेले सर. शाली किती, नारळ किती, फेटे किती. प्रमुख पाहुणे म्हणाले की ह्या कादंबरीत आपल्या सीमाभागातल्या ग्रामीण जीवनाचं हृद्य दर्शन घडतं. मी पुढच्या रांगेत होते, मला हसू नाही आलं, संताप आला. तोवर पाठीमागं लोक पानं चाळत होते. आपलं नाव सापडलं की पुस्तक मिटून पिशवीत. जेवणं झाली, सगळे खूश होऊन गेले.

नंतर सर भेटेल त्याला विचारायचे, कसं वाटलं? सगळे म्हणायचे, लई भारी सर. कुठला भाग आवडला? सगळाच की, लई भारी. विज्ञानाचा माणूस, त्यानं प्रयोग सुरू केला. बसस्टँडवर माझ्यादेखत एकाला विचारलं, जहाज बुडतं तो प्रसंग कसा वाटला? तो म्हणाला, अंगावर काटा आला सर. पुस्तकात जहाज नाही, साधी होडीसुद्धा नाही. सर पोट धरून हसले. असं पाच-सात जणांना विचारून झाल्यावर मात्र ते हसायचे थांबले, आणि मग विचारायचेही थांबले.

पुण्याच्या एका मासिकाला पुस्तक पाठवलं होतं. तिथल्या गृहस्थांनी फोन केला हे त्यांचे उपकारच. म्हणाले, तुमच्या भागातल्या लेखकाकडून आम्हाला मातीतलं काही अपेक्षित असतं. हे उपग्रह, रडार वगैरे तुम्ही कशाला? म्हणजे आमच्या डोक्यावरनं दिवसभर विमानं गेली तरी आम्ही खाली ढेकळंच बघायची. मला त्या माणसाचा नंबर हवा होता. सरांनी दिला नाही.

एक दिवस दुपारी सर माझ्याकडं आले. छापील पुस्तक हातात, त्यातली निम्मी पानं दुमडलेली. म्हणाले, "समद्यांत तुमी एकट्याच शिव्या दिल्याव. आनखी द्या." मी मागंपुढं बघितलं नाही. होतं नव्हतं ते सगळं सांगितलं. ते प्रत्येकाला कबूल म्हणत खुणा करत गेले, आणि दुसरी आवृत्ती लिहायला बसले.

ते बऱ्यापैकी पुस्तक आहे. सगळं चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. नताशा अजून आहे, तिच्यावर त्यांचा जीव होता. अँटेना दीड पानावरनं अर्ध्या पानावर आलीय. पण परदेशातला पाठलाग गेला, शिपाई आपल्या बोलीत बोलायला लागले, मास्तर परत आला आणि भाऊबंद सगळे बाहेर. मी विचारलं, मास्तरचं नाव काय ठेवलंत? त्यांनी पान पुढं केलं. दिगंबर मंठाळकर. ते म्हणाले, "ह्या नावाला कुनाला इचारायचं? मीच मला इचारलो. व्हय म्हनलो."

कादंबरीच्या शेवटी आपला विद्यार्थी आपलं ऐकतोय हे मास्तरला कळतं. तो पळत नाही. किल्लीवर बसतो आणि अगदी सावकाश, शिकवताना किल्ली दाबायचा तशा हातानं, सांकेतिक नाही, सरळ भाषेत, सगळा बिघाड सांगायला लागतो. पोरगं लिहून घेतं. संदेश संपायच्या आत शत्रूची माणसं मास्तरला गोळी घालतात. ते प्रकरण वाचून मी उठून अंगणात गेले, कारण मला रडायचं होतं.

दुसरी आवृत्ती छापून गठ्ठे घरी आले. आणि भाऊबंदांनी काय वाचलं? कुणाच्या तरी पुतण्यानं मरणाचं तेवढं एक पान मोबाइलवर फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवलं. आमची नावं काढली आणि घराण्याच्या नावाला गद्दारी लावली, म्हणून मंठाळ पेटलं. निर्ण्याहून बाबूराव तर तावातावानं आले. त्यांचं मुख्यपद गेल्याचा राग होता, पण बोलले ते बहिणीच्या कुंकवाचं. जित्या नवऱ्याला मारून छापतात का कुठं? रुक्मिणवैनींनी सरांशी बोलणं टाकलं. ताट समोर आदळायचं, आत जायचं. त्यांचा रागही खरा होता, त्यांना मी दोष देत नाही. ज्या बाईनं ह्या माणसाचं दुखणं काढलं, औषधं दिली, तिनं त्याचं मरण छापील बघायचं, हे कुणाला सोसेल?

सरांनी ब्लेड आणलं. प्रत्येक पुस्तकातनं ती शेवटची पानं कापून टाकायची ठरवली. मला सांगितलं तेव्हा मी तोंडाला येईल ते बोलले. पहिल्यांदा रॉबर्ट, आता ब्लेड. तुम्हाला कणा आहे का? सर म्हणाले, "ती बोलंना झालीय, बाई." मी तरीही रागानंच निघून आले.

दोन दिवसांनी राहवेना म्हणून गेले. दार उघडं होतं. ओसरीवर फोडलेला गठ्ठा, अजून एकही पान न कापलेला, शेजारी ब्लेड. वैनी सरांकडं पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत होत्या, आणि सर खाटेवर बसून वाचत होते. वैनींनी, मला नंतर त्यांनीच सांगितलं, फक्त एवढंच म्हटलं होतं की काय कापायलाव ते तर ऐकू द्या. मग सरांनी पहिल्या पानापासनं सुरुवात केली होती, आणि दोन दिवस तेच चाललं होतं. मी दारातच थांबले. मास्तर किल्लीवर बसला, संदेश सुरू झाला, गोळी लागली. वैनींचे हात थांबले होते. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "बिचाऱ्याचं कुनीतरी अगुदर ऐकून घ्यायला पायजे हुतं."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पण त्यांना कबूल म्हणता येईना. वैनी म्हणाल्या, वाचा की फुडं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी आत गेले नाही, तशीच परत फिरले. सरांना मी त्यानंतर जिवंत बघितलं नाही. पुढच्याच आठवड्यात ते गेले.

आता तेरवी. अंगणात मंडप, पंगतीची तयारी, आणि बाहेर बाबूरावांचा टेम्पो उभा. मी सकाळपासनं तिथं ठाण मांडून होते. गठ्ठ्यांना हात लावला तर भर मंडपात भांडायचं, असं ठरवून गेले होते. आमच्याकडं तेरवीला गेलेल्या माणसाच्या नावानं काहीतरी वाटतात. कुणी पेला वाटतं, कुणी हरिपाठाची छोटी पोथी. ते दोन्ही हातांनी घ्यायचं असतं, नको म्हणायचं नसतं, घरी नेऊन जपायचं असतं.

नैवेद्य झाला आणि वैनी स्वतः बाहेर आल्या. त्या दिवशी गेलेल्याच्या बायकोनं आतच बसायचं असतं, त्यामुळं पंगतीतले सगळे माना वळवून बघायला लागले. त्यांच्या हातात पुस्तकं होती. पहिल्या पंगतीपासनं एकेकासमोर उभं राहून त्या देत गेल्या. चुलत्यांना, साडूंना, पोरीचं जमवणाऱ्या त्या चुलतभावाला. कुणाची टाप नव्हती नको म्हणायची. सगळ्यांनी दोन्ही हात पुढं केले.

बाबूराव टेम्पोजवळ उभे होते. वैनी तिथवर चालत गेल्या. ते म्हणाले, "रुक्मे, ह्यात दाजी मेलेत."

"ठावं हाय मला," वैनी म्हणाल्या. "घे, अण्णा."

बाबूरावांनी घेतलं. आणि लगेच शेवटची पानं काढली, फोटोतलं ते पान शोधायला. वैनींनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"मागनं नगं. पयल्यापासनं वाच."

बाबूराव टेम्पोच्या फाळक्यावर टेकले, आणि त्यांनी पहिलं पान काढलं.